एच-१ रजिस्टर: छापील वही, सॉफ्टवेअरचा रिपोर्ट आणि ट्रामाडॉलचा हिशेब

एच-१ यादीतल्या औषधांची विक्री नोंदवायची, मेडिकलच्या काउंटरखाली असणारी ही वही किराणा दुकानाच्या खतावणीची बहीण वाटते. जाड पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी, आडवं पान आणि पानभर रकाने. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट, पुण्यात सदाशिव पेठ, नागपुरात गांधीबाग अशा औषधांच्या घाऊक बाजारांच्या आसपास ती मिळते, ऑनलाइनही मिळते. छापणारे अनेक असले तरी रकाने थोड्याफार फरकाने तेच असतात. म्हणून हा रिव्ह्यू कुठल्या एका छापखान्याच्या मालाचा नाही. या प्रकारच्या वहीचा आहे, आणि तिची जागा घेऊ पाहणाऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरमधल्या ‘एच-१ रिपोर्ट’चाही.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. सेफिक्सिम आणि लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिकसाठी सॉफ्टवेअरचा रिपोर्ट पुरतो. ट्रामाडॉल, कोडीन, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन या सवय लावणाऱ्या औषधांसाठी मात्र दुसरी, वेगळी, हाताने लिहायची वही हवी, आणि तिच्यात ‘शिल्लक’ हा रकाना हवाच. कायदा हा रकाना मागत नाही, तरीही दुकानदाराला वाचवतो तो हाच.

एच-१ ही औषध नियमांतली अनुसूची, म्हणजे यादी, ३० ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने आली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीच्या यादीत ४६ औषधं होती. त्यातली बरीचशी अँटिबायोटिक आणि क्षयरोगाची, कारण अँटिबायोटिकचा बेसुमार वापर रोखणं हा तिचा मुख्य हेतू. त्याच यादीत ट्रामाडॉल, कोडीन, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन, डायफेनॉक्सिलेट आणि अल्प्राझोलॅम, डायझेपॅम, झोल्पिडेम ही सवय लावणारी औषधंही घातली गेली. परिणाम असा की पावसाळ्यात एखाद्या चालत्या मेडिकलमध्ये पानंच्या पानं सेफिक्सिमने भरतात आणि त्यांच्या मधोमध कुठेतरी ‘ट्रामाडॉल, १०’ अशी एक ओळ दडून बसते. औषध निरीक्षक शोधायला येतो ती हीच ओळ. सहाशे ओळींतून वीस ओळी वेचून त्यांची बेरीज खरेदीशी जुळवायची वेळ आली की एकत्र वही काही कामाची राहत नाही. दोष छापखान्याचा नाही, यादीच तशी आहे.

दुसऱ्या वहीत काय जाणार हे ठरवायला साधी खूण आहे. गोळ्यांच्या पत्त्याच्या (स्ट्रिपच्या) डाव्या वरच्या कोपऱ्यात लाल रंगात नुसतं ‘आरएक्स’ छापलेलं असेल तर पहिली वही. त्याच्या आधी ‘एन’ असेल, म्हणजे ‘एनआरएक्स’, तर ते औषध एनडीपीएस, म्हणजे अंमली औषधं आणि मनोविकारी (सायकोट्रॉपिक) पदार्थांच्या कायद्याखालीही येतं, दुसरी वही. हा कोपरा बघायची सवय लावली की दोन याद्यांमधला गोंधळ मिटतो. कारण त्या याद्या एक नाहीत. सेफिक्सिम एच-१ मध्ये आहे, पण एनडीपीएसशी त्याचा काही संबंध नाही. क्लोनाझेपॅम एनडीपीएसच्या यादीत आहे, पण एच-१ च्या त्या ४६ मध्ये नव्हतं. आणि ॲझिथ्रोमायसिन, जे कित्येक जण भक्तिभावाने एच-१ च्या वहीत लिहितात, तेही त्या ४६ मध्ये नव्हतं.

आता रकाने. औषध नियम १९४५ चा नियम ६५, पोटनियम ३, खंड ‘एच’ एवढंच सांगतो: पुरवठा करतानाच वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद, त्यात डॉक्टरचं नाव आणि पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, दिलेली संख्या, नोंदी तीन वर्षं ठेवायच्या आणि तपासणीला खुल्या असायला हव्यात. छापील वहीत याशिवाय बिल क्रमांक, बॅच, एक्स्पायरी, फार्मासिस्टची सही असे रकाने येतात. बॅच आणि बिल क्रमांक उपयोगी आहेत, ठेवावेत. अडचण होते ती डॉक्टरच्या रकान्याची. बऱ्याच वह्यांत तो इतका अरुंद असतो की ‘डॉ. कुलकर्णी’ यापलीकडे काही मावत नाही. एका तालुक्याच्या गावात चार डॉ. कुलकर्णी असतात आणि नियमात ‘पत्ता’ हा शब्द स्पष्ट आहे. तोडगा सोपा: वहीच्या शेवटच्या चार पानांवर डॉक्टरांची यादी करावी. नाव, नोंदणी क्रमांक, दवाखान्याचा पूर्ण पत्ता आणि पुढे एक अनुक्रमांक. रोजच्या ओळीत नाव, गाव आणि तो अनुक्रमांक लिहावा. नोंदणी क्रमांकाची सक्ती या खंडात नाही, पण बनावट चिठ्ठी ओळखायचं ते सर्वांत स्वस्त साधन आहे.

संख्येचा रकाना वरवर निरुपद्रवी दिसतो, आणि सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. ‘१’ म्हणजे एक गोळी की एक पत्ता? बहुतेक वह्यांत एकक छापलेलंच नसतं. सकाळचा माणूस पत्त्यात लिहितो, संध्याकाळचा गोळ्यांत, महिनाअखेर बेरीज हवेत. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकावं: सर्व नोंदी गोळी किंवा कॅप्सूलच्या नगात, सिरप बाटलीच्या नगात आणि कंसात मिली. पत्ता कापून सहा गोळ्या दिल्या तर ६. उरलेल्या चार गोळ्यांवर बॅच आणि एक्स्पायरीचा भाग राहील अशा बाजूने कापावं, नाहीतर त्या चार गोळ्या कुठल्या बॅचच्या हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि शिल्लक. पान कसं दिसावं ते बघा. १ तारखेला ट्रामाडॉल ५० मिग्रॅ कॅप्सूल, शिल्लक ४०. ४ तारखेला आवक १००, स्टॉकिस्टचा (घाऊक विक्रेत्याचा) बिल क्रमांक आणि बॅच, शिल्लक १४०. त्याच दिवशी १० दिल्या, १३०. मग १५, उरल्या ११५. मग ६, उरल्या १०९. ९ तारखेला एक्स्पायरीच्या १० परत पाठवल्या, परतीच्या चिठ्ठीचा क्रमांक, शिल्लक ९९. बरणीत किंवा खणात ९९ सापडल्या पाहिजेत. एका औषधाला, एका ताकदीला एक पान. पन्नास आणि शंभर मिलिग्रॅम एका पानावर आणू नयेत. तयार वहीत शिल्लक आणि आवक हे रकाने नसतील तर ‘एक्स्पायरी’ आणि ‘शेरा’ यांची शीर्षकं खोडून तिथे ते करावेत, किंवा सरळ कोऱ्या लेजरवर रेघा मारून घ्याव्यात. छापील मथळ्याला कायद्यात वेगळं स्थान नाही, वेगळं रजिस्टर असणं महत्त्वाचं.

शिल्लक चुकते कुठे, तर ठरलेल्या तीन जागी. पहिली म्हणजे स्कीम. ‘दहावर एक’ आली की बिलात १० पत्ते आणि खाली फ्री १. नोंद १०० ची होते, खणात ११० असतात. माल कमी निघाला तर माणूस घाबरतो, जास्त निघाला तर गाफील राहतो. निरीक्षकाच्या दृष्टीने दोन्ही वाईट, कारण जास्तीचा माल बिलाशिवाय आलेला असू शकतो. दुसरी म्हणजे एक्स्पायरी: माल स्टॉकिस्टच्या माणसाने उचलला, क्रेडिट नोट तीन महिन्यांनी आली, मधल्या काळात तो कुणाच्याच खात्यात नाही. उचलला त्या दिवशीच पानावरून वजा करावा आणि नेणाऱ्याची सही घ्यावी. तिसरी, गिऱ्हाइकाने परत आणलेल्या गोळ्या. त्या परत न घेणं हेच बरं, पण घेतल्या तर उलट नोंद करून वेगळ्या ठेवाव्यात, विक्रीच्या मालात मिसळू नयेत.

एवढा काटेकोरपणा दहा-वीस गोळ्यांसाठी कशाला, असं वाटणाऱ्यांसाठी थोडं गणित. २६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने ट्रामाडॉल एनडीपीएस कायद्याखाली मनोविकारी पदार्थ ठरलं. शिक्षा किती हे ठरवणाऱ्या मर्यादा अशा: अल्प प्रमाण ५ ग्रॅम, व्यापारी प्रमाण २५० ग्रॅम. कागदावर हे भरपूर वाटतं, कारण ५० मिग्रॅच्या १०० कॅप्सूल म्हणजे ५ ग्रॅम आणि ५,००० कॅप्सूल म्हणजे २५० ग्रॅम. पण एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं असा निकाल दिला, केवळ शुद्ध अंमली भागाचं नाही. आता ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ ही रोज खपणारी गोळी घ्या. दोन्ही मिळून ३६२.५ मिग्रॅ, इतर घटक सोडून. अशा ६९० गोळ्यांचं वजन २५० ग्रॅमच्या वर जातं. म्हणजे ६९ पत्ते, एक बूट ठेवायच्या खोक्याएवढा माल. परवाना, खरेदीची बिलं आणि विक्रीची नोंद असेल तर हा कायदेशीर साठा आहे, त्यात गुन्हा काही नाही. कागद नसतील तर कलम २२ खाली व्यापारी प्रमाण, १० ते २० वर्षं शिक्षा, १ ते २ लाख रुपये दंड, आणि जामिनासाठी कलम ३७ ची अडथळ्यांची शर्यत.

कोडीनच्या सिरपची कथा थोडी वेगळी. एनडीपीएस कायद्याखालच्या १९८५ च्या अधिसूचनेत सवलत आहे: इतर घटकांसोबत, एका मात्रेत १०० मिग्रॅपर्यंत, आणि सिरपसारख्या तयारीत २.५ टक्क्यांपर्यंत कोडीन असेल आणि ते उपचारात प्रस्थापित असेल तर ते ‘निर्मित अंमली औषध’ या व्याख्येतून सुटतं. ५ मिलीत १० मिग्रॅ असलेलं सिरप म्हणजे ०.२ टक्के, मर्यादेच्या खूप आत. यावर विसंबून गोण्यांनी बाटल्या फिरवणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मोहम्मद साहबुद्दीन प्रकरणात आणि पुन्हा २०१८ मध्ये पंजाबच्या राकेश कुमार प्रकरणात रोखलं. सवलत उपचारासाठी आहे. कागदांशिवाय मोठा साठा बाळगणाऱ्याला ती ढाल म्हणून मिळत नाही. कोडीनचं व्यापारी प्रमाण १ किलो. पूर्ण सिरपचं वजन धरलं तर १०० मिलीच्या दहा बाटल्यांतच ते भरतं. त्यामुळे सिरपच्या पानावरची ‘आवक’ स्टॉकिस्टच्या बिलाशी बाटलीगणिक जुळली पाहिजे.

गिऱ्हाइकाच्या बाजूचीही एक मर्यादा वहीत दिसायला हवी. एनडीपीएस नियम १९८५ चा नियम ६६ म्हणतो, स्वतःच्या उपचारासाठी माणूस एका वेळी मनोविकारी पदार्थाच्या १०० मात्रा बाळगू शकतो. दीर्घकालीन उपचार असेल आणि डॉक्टरने तसं खास लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. दिवसाला तीन कॅप्सूल, तीस दिवस: ९०, चालेल. दिवसाला चार, तीस दिवस: १२०, आता चिठ्ठीवर दीर्घकालीन उपचाराचा स्पष्ट उल्लेख हवा. शेरा रकान्यात तेवढंच लिहावं. (गंमत म्हणजे औषध नियमांतला नियम ६६ वेगळाच आहे, तो परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा. निरीक्षक ‘सहासष्ट’ म्हणाला तर कुठला, हे विचारून घ्यावं.)

आता सॉफ्टवेअर. बाजूने सांगायचं तर नोंद बिलासोबत आपोआप होते, म्हणजे ‘पुरवठ्याच्या वेळीच’ ही अट पाळली जाते. हाताची वही रात्री दुकान बंद करताना भरली जाते, आणि एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेल्या तीस ओळी कुणालाही ओळखू येतात. शोध घेणंही सॉफ्टवेअरमध्ये सोपं. पण खोट तीन ठिकाणी आहे. एच-१ ची खूण प्रत्येक मालाच्या मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या मूळ नोंदीत) हाताने लावावी लागते. नवीन ब्रँड घाईत चढवला आणि खूण राहिली की ती औषधं रिपोर्टमध्ये येतच नाहीत. ट्रामाडॉलच्या मिश्र गोळ्यांच्या बाबतीत हे सर्रास घडतं, कारण ब्रँडच्या नावात ट्रामाडॉल दिसत नाही. महिन्यातून एकदा घटकानुसार शोधून बघावं. दुसरं, डॉक्टरच्या जागी ‘सेल्फ’ किंवा ‘अदर’ हे ठरावीक नाव. बिल लवकर निघावं म्हणून केलेली ही सोय एच-१ रिपोर्टमध्ये पानभर ‘सेल्फ’ छापून देते, आणि तो कागद म्हणजे चिठ्ठीशिवाय विकल्याची स्वतःच दिलेली कबुली. एच-१ मालाला डॉक्टर सक्तीचा करायची सेटिंग असेल तर तीच चालू करावी, नसेल तर ते सॉफ्टवेअर या कामाला घेऊ नये. तिसरं, जुनं बिल मागे जाऊन बदलता येणं. बदलाची नोंद न ठेवणारा प्रोग्रॅम वहीपेक्षा कमी विश्वासाचा. वहीत खाडाखोड निदान दिसते तरी. रोज रात्री रिपोर्ट छापून फार्मासिस्टची सही, पानांना सलग क्रमांक, आणि महिन्याची पानं एकत्र बांधून ठेवली तर बरंचसं भागतं.

वही आणि सॉफ्टवेअर, दोन्ही ज्यावर उभी आहेत ती चिठ्ठी. नियम ६५ च्या पोटनियम १० प्रमाणे तिच्यावर डॉक्टरची सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, एकूण किती औषध आणि किती मात्रा हे हवं. ‘ट्रामाडॉल, दुखलं तर’ एवढंच लिहिलं असेल तर एकूण संख्या नाही, म्हणजे चिठ्ठी अपुरी. पोटनियम ११ सांगतो की डॉक्टरने पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर एकाच चिठ्ठीवर पुन्हा औषध द्यायचं नाही, आणि औषध देताना दुकानाचं नाव, पत्ता, तारीख डॉक्टरच्या सहीच्या वर नोंदवायची. त्यासाठीचा रबरी शिक्का वहीच्या शेजारीच असावा. मोबाइलवरचा फोटो दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार का द्यायचा, याचं उत्तर इथेच आहे: फोटोवर शिक्का मारता येत नाही, आणि तोच फोटो संध्याकाळपर्यंत पाच दुकानांत फिरतो. व्हिडिओ कॉलवर लिहून घेतलेली चिठ्ठीही चालत नाही; मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी अनुसूची एक्स (एच-१ हून कडक यादी) आणि एनडीपीएसमधली औषधं दूरस्थ सल्ल्यावर लिहायला मनाईच केली आहे. चिठ्ठीची प्रत ठेवण्याची सक्ती एच-१ ला नाही, ती अनुसूची एक्सला आहे, दोन वर्षं. तरी दुसऱ्या वहीतल्या प्रत्येक ओळीमागे शिक्का मारलेल्या चिठ्ठीची छायाप्रत ठेवणं शहाणपणाचं. छोट्या दुकानात महिन्याला वीस-पंचवीस कागद होतात, काही ओझं नाही.

मॉर्फिनच्या गोळ्या या वहीत शोधू नका. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही २०१५ मध्ये ‘अत्यावश्यक अंमली औषधं’ ठरली. मॉर्फिन मुख्यतः मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमार्फत मिळतं, आणि त्यांच्या नोंदी वेगळ्या नमुन्यात असतात. टॅपेंटाडॉल या वेदनाशामकाचं मात्र बघावं लागेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या मिश्रगोळ्या पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचं उघड झालं, पालघरच्या कारखान्यावर कारवाई झाली आणि केंद्राने त्या मिश्रणाची निर्यात परवानगी काढून घेतली. तेव्हा टॅपेंटाडॉल एनडीपीएसच्या यादीत नव्हतं, म्हणून पत्त्यावर ‘एन’ शोधून उपयोग नव्हता. खूण नसली तरी त्याला दुसऱ्या वहीत एक पान द्यावं.

तपासणीला निरीक्षक येतो तेव्हा क्रम साधारण असा असतो: नमुना ३५ चं तपासणी पुस्तक, फार्मासिस्ट हजर आहे का, मग एखाद्या स्टॉकिस्टकडून आधीच मिळवलेली विक्रीची यादी आणि त्यातल्या औषधाची तुमची आवक, मग वही, मग खण. शिल्लक रकाना असेल तर एका औषधाचं काम लवकर आटोपतं. नसेल तर दोन वर्षांची बिलं टेबलावर येतात. वही जप्त झाली तर नमुना १६ मध्ये पावती मिळते. माल हलवू नका असा आदेश नमुना १५ मध्ये येतो, वीस दिवसांपर्यंत. वही गेली की दुकानाकडे काहीच उरत नाही, हा हाताच्या वहीचा मोठा तोटा. म्हणून महिनाअखेर पानांचे फोटो काढून ठेवावेत, आणि जप्तीनंतर त्याच दिवशी नवी वही, पहिल्या ओळीत जप्तीची तारीख, पावतीचा उल्लेख आणि मोजून घेतलेला साठा. कागद मागूनही दिले नाहीत तर औषध कायद्याच्या कलम २८अ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान २०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. परवान्यावर कारवाई झाली तर राज्य सरकारकडे अपिलाला तीन महिने.

विकत घेताना बघायच्या गोष्टी. पानांवर छापील क्रमांक असावेत. नसतील तर वापरण्याआधी सगळी पानं क्रमांकित करावीत, कारण मधलं पान फाडल्याचा संशय नंतर दूर करता येत नाही. शिवलेली बांधणी घ्यावी, डिंकाने चिकटवलेली सहा महिन्यांत सुटते. स्पायरल अजिबात नको, त्यातून पान काढलेलं कळतच नाही. कागद असा हवा की बॉलपेनचा ठसा मागच्या पानावर उमटला तरी शाई फुटू नये. जेल पेन दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, पसरतं. चूक झाली तर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. व्हाइटनर काउंटरवर ठेवूच नये. मिश्र वहीला दोनशे पानं लागतात, दुसऱ्या वहीला शंभर पुरतात.

वही संपली की शेवटच्या ओळीवर प्रत्येक औषधाची शिल्लक आणि ‘पुढे नेली, वही क्रमांक २, पान अमुक’ असं लिहून सही करावी, आणि नव्या वहीची सुरुवात त्याच आकड्याने करावी. तीन वर्षं मोजायची ती त्या शेवटच्या नोंदीपासून धरावी, आणि पाठीच्या कापडी पट्टीवर मार्करने तारीख टाकून ठेवावी, म्हणजे फडताळातून बाहेर न काढताच कळतं कुठली वही अजून जपायची आहे.